ऐकल्यापासून सुतक

धारला आमच्या घरी फोन वाजला की निम्म्या वेळा कुणीतरी गेलेलं असायचं. आमच्यातलं नव्हे, लोकांच्यातलं. बाबा एका हिंदी शाळेत संस्कृत शिकवायचे, पण गावातल्या मराठी घरांत त्यांची खरी ओळख वेगळी होती. कुठलं सुतक कुणाला किती दिवस, हे त्यांना विचारायचं अशी रीत पडून गेली होती. ज्यांच्या घरात आता मराठी फक्त देवापुढे उरली आहे, तेसुद्धा अशा वेळी हिंदीतून का होईना बाबांनाच विचारत. बाबा डोळे मिटून नातं उलगडत जायचे. चुलत का सख्खा, किती पिढ्यांचा, लग्न झालेली मुलगी का बिनलग्नाची. आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, की ऐकल्यापासून धरा, ऐकलं नाही तोवर लागत नाही.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की आठव्या-नवव्या वर्षी मी मैत्रिणींना सुतक सांगायचे. एकीच्या कुत्र्याचं तीन दिवसांचं सांगितलं, तेव्हा तिची आई तक्रार घेऊन आली होती. बाबा हसले नाहीत. कुत्र्याचं नसतं, एवढंच म्हणाले आणि मला नियम पुन्हा नीट समजावून सांगितला.

ते स्वतः नियमाला एक केसभर ढळत नसत. बडोद्याचा कुणी भाऊबंद वारला, ज्याला त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्याचं सुतक पाळून त्यांनी सरकारी शाळेचा एक इंटरव्ह्यू सोडून दिला होता. आईने ते त्यांना जन्मभर ऐकवलं. सुतकात विद्येचं काम सुरू करायचं नाही, यावर त्यांचं उत्तर संपायचं. मला राग यायचा. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात आमच्याकडे दोन तरुण मॅडम आल्या. इंदूर रस्त्यावर नवं प्रायव्हेट कॉलेज निघालं होतं, तिथे त्या शिकवायच्या, आणि उन्हाळ्यात त्यांना घरोघर विद्यार्थी गोळा करायला पाठवलं होतं. उन्हाने दोघींचे चेहरे लाल झाले होते. त्यांनी एक चकचकीत पुस्तिका, एक पाण्याची बाटली आणि कॉलेजचं नाव छापलेली एक पिशवी दिली, आणि बाबांना सांगितलं, "अंकलजी, बस घर तक आएगी." गणित आहे का, असं मी विचारलं. एकीने दुसरीकडे पाहिलं. दुसरी म्हणाली, विद्यार्थी झाले तर सुरू करू, नाहीतर कॉम्प्युटर घ्या, आजकाल सगळं त्यातच येतं. मी पिशवी घेतली आणि मनातल्या मनात कॉलेज सोडून दिलं. बाबांनी मात्र पुस्तिका कपाटात जपून ठेवली. मुलगी डोळ्यांसमोर राहील, याहून जास्त त्यांना काही नको होतं. माझी मोठी बहीण मनावर गावी दिली होती, आणि ती गेल्यापासून घर कसं रिकामं झालं ते ते अधूनमधून बोलून दाखवायचे.

मला इंदूरच्या सरकारी विद्यापीठात जायचं होतं. तिथे गणिताचा स्वतंत्र विभाग होता. हे माझ्या डोक्यात भरवलं देवासच्या काकांनी. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सरकारी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांनी स्वतः एम.ए. केलं ते नोकरी सांभाळून, प्रायव्हेट परीक्षा देऊन. वर्गात बसून कुणी आपल्याला गणित शिकवतंय, हे सुख मला बारावीनंतर मिळालं नाही, असं ते म्हणायचे. दर रविवारी ते मला फोनवर एक गणित घालायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत उत्तर मागायचे. उत्तर आलं तर शाबासकी नाही, लगेच पुढचं गणित. नाही आलं तर म्हणायचे, बैस अजून.

प्रवेश परीक्षेत माझा नंबर वेटिंगमध्ये सतरावा लागला. बाबांना हायसं वाटलं, मला स्पष्ट दिसलं. तेव्हा काका देवासहून आले. दोघा भावांचं दुपारभर चाललं. बाबा पुस्तिका काढून दाखवत होते आणि काका ती न उघडता बाजूला ठेवत होते. शेवटी काका एवढंच म्हणाले, की तू तिला दाराशी येणारी बस देतो आहेस, मी तिला गणित द्यायला सांगतो आहे. बाबा काकांना दादा म्हणत, आणि थोरल्या भावाला उलटून बोलत नसत. त्यांनी कबूल केलं, पण एका अटीवर. शेवटच्या फेरीला विद्यापीठात तिला एकदा नेईन. त्या दिवशी जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर इथलं कॉलेज, आणि मग पुन्हा तो विषय घरात काढायचा नाही.

शेवटची फेरी एकाच दिवसाची होती. पालकांना घेऊन, मूळ कागदपत्रं घेऊन अकरा वाजता हजर राहायचं. नाव पुकारलं आणि माणूस नसला की जागा पुढच्याला.

आई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी मनावरला होती. आम्ही दोघं सकाळी धारहून बसमध्ये बसलो. शेजारची जागा मिळाली नाही. बाबा पुढे ड्रायव्हरच्या मागे, मी चार रांगा मागे. बाबांचा बटणांचा फोन माझ्या पर्समध्ये होता, कारण प्रवेशाचे सगळे मेसेज त्याच नंबरावर यायचे. वाटेत घाटाबिल्लोद गावाच्या अलीकडे फोन वाजला. देवासचा चुलत भाऊ, काकांचा मुलगा होता.

"बाबा गेले. सकाळी सातला, एकदम से. काकांना दे फोन."

ते पुढे बसलेत, मी सांगते, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "जल्दी या. आम्ही रुकतो." आणि फोन ठेवला.

मी उठले. हे मला नक्की आठवतं, की मी उठले होते. बसच्या दांड्याला धरून दोन रांगा पुढे गेलेही. बाबांचं डोकं मागून दिसत होतं. कागदांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. बाबा कंडक्टरला सांगतील. देवासला जाऊ, दहा दिवस बसू. सुतकात विद्येचं काम नाही. अकराव्या दिवशी कपाटातली पुस्तिका बाहेर येईल, आणि विषय पुन्हा घरात काढायचा नसेल. मग मला ते वाक्य आठवलं. ऐकलं नाही तोवर लागत नाही. मी मागे वळले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

काकांना हेच आवडलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. जिवंत असते तर त्यांनीच मला सांगितलं असतं, की बैस, आधी विद्यापीठात जा. हे मी बसमध्ये इतक्या वेळा म्हटलं, की इंदूर येईपर्यंत मला ते खरं वाटायला लागलं. काका गेले याचं दुःख मला तेव्हा झालंच नाही. मला फक्त भीती वाटत होती, की बाबा फोन मागतील.

विद्यापीठाच्या हॉलमध्ये सरस्वतीची तसबीर होती. बाबा आत शिरताच तिच्यापाशी गेले, हात जोडले, आणि मलाही बोलावलं. मी चपलेचा पट्टा नीट करत खाली वाकून राहिले. सुतक मला लागलं होतं, त्यांना नव्हतं. एवढा मोठा गुन्हा करणारी मी, पण सुतकात देवाला नमस्कार करायची मला हिंमत झाली नाही. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

यादी हळूहळू सरकत होती. बारा वाजता चुलत भावाचा पुन्हा फोन आला. मी व्हरांड्यात जाऊन घेतला. कुठपर्यंत पोचलात, त्याने विचारलं. इंदूरला आहोत, मी म्हणाले. ते खरंच होतं.

"रुकू का?"

तोवर चौदावा नंबर झाला होता. मला वाटलं अर्ध्या तासात होईल, मग बाबांना सांगेन, इथून देवास तासाभराचं. मी म्हणाले, "थांबा."

तो एक शब्द मी बोलले नसते तर बरं झालं असतं. लबाडी तर झालीच होती, पण त्या शब्दाने मी तिकडच्या सगळ्यांना त्यात ओढलं. चौदाव्यानंतर कुणाच्या तरी कागदांचा घोळ निघाला, मग जेवणाची सुट्टी झाली. दोन वाजता फोन वाजला तेव्हा मी तो उचलला नाही. मग तो बंदच करून टाकला.

बाबांना मी एकटीने थांबते म्हणून सांगता आलं असतं. त्यांना देवासच्या बसमध्ये बसवून देता आलं असतं. पालक नाही म्हणून कुणी मला हाकललं असतं की नाही, तेही मी विचारलं नाही. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त सतरा हा आकडा होता.

आणि बाबा खुशीत येत चालले होते. सकाळी धारहून निघताना त्यांचं तोंड उतरलेलं होतं, पण बाहेर झाडाखाली बसलेल्या इतर मुलींच्या वडिलांशी त्यांची ओळख झाली. कुणी मंदसौरचे, कुणी खरगोनचे. जेवणाच्या सुट्टीत ते कुठेतरी जाऊन आले आणि माझ्याशेजारी बसून म्हणाले, की मी वाचनालय बघून आलो, दादा म्हणत होता तेवढं मोठं आहे. आतल्या माणसाने त्यांना एक पुस्तक हातात घेऊ दिलं होतं. त्याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं. पुढे म्हणाले, की तुझी आई आली की तिलाही एकदा दाखवू.

साडेतीनला माझं नाव पुकारलं. बाबांनी सही केली. त्यांची सही नेहमी मोडीसारखी गिचमिडी असते, त्या दिवशी त्यांनी एकेक अक्षर सुटं काढलं.

फी भरून बाहेर पडेपर्यंत साडेपाच झाले. फाटकापाशी चहाची गाडी होती. बाबांनी दोन चहा सांगितले आणि एक कप माझ्या हातात देत म्हणाले, "दादाला फोन लाव. पहिल्यांदा त्याला सांगायचं."

मी फोन चालू केला. तो हातात धरून तशीच उभी राहिले. मग त्यांना सांगितलं, की काका गेले. आत्ताच फोन आला होता, असंही सांगितलं. तेवढं एक खोटं माझ्या तोंडून आपोआप निघालं.

बाबांनी कप गाडीवर ठेवला. चहावाल्याने विचारलं, "क्या हुआ बाबूजी?" बाबा त्याला म्हणाले, काही नाही. तिथेच फुटपाथवर बसले, आणि थोड्या वेळाने मला विचारलं, की देवासची बस कुठून मिळेल. ज्या माणसाने चाळीस वर्षं ती बस पकडली होती, तो मला विचारत होता. बसमध्ये ते खिडकीशी बसून रडले. पदवीचं वर्ष, आजीचं आजारपण, दादाने काय काय केलं ते एकीकडे सांगत होते. अजून दिसेल तो आपल्याला, ठेवलं असेल, असं दोनदा म्हणाले. मी मान हलवली.

देवासला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. दारात कडुनिंबाची पानं पडली होती. मंडळी स्मशानातून येऊन आंघोळी करून बसली होती. आतल्या खोलीत पिठावर दिवा लावलेला होता. बाबांनी ते सगळं उंबऱ्यातूनच पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी चौकट धरली.

चुलत भाऊ ओल्या केसांनी समोर आला. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"काका, सकाळी नऊच्या आत फोन लावला होता. तीन बार लावला. बाराला विचारलं, तर ही थांबा म्हणाली. बाबांना दोन घंटे दारात ठेवलं तुमच्यासाठी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि तेही फार वेळ नाही. वर्गात पोराने चुकीचं उत्तर दिलं की मास्तर ज्या डोळ्यांनी पाहतात, तसं पाहिलं. मग चुलत भावाकडे वळून म्हणाले, "हो. हिने सांगितलं होतं मला. मीच म्हटलं, आधी हिचं काम करू."

ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसलेली होती. काकू आतून सगळं ऐकत होती. मी तोंड उघडलं होतं, पण बाबांनी माझा दंड धरला आणि मला बायकांच्यात आत पाठवून दिलं. मी गेले. कुणी ढकललं नव्हतं, मी आपल्या पायांनी गेले.

तेरा दिवस आम्ही तिथे होतो. सख्ख्या भावाला कुणी काही करायला सांगितलं नाही. दहाव्याला क्षिप्रेवर सगळे गेले, तेव्हा बाबा सर्वांत मागे चालत होते, असं मला एका वहिनीने सांगितलं. रात्री माणसं जेवायला बसली की ते दिव्यापाशी जाऊन बसायचे. तेराव्याला चुलत भाऊ पाया पडला, तो थोरल्यांच्या पाया पडायचं असतं म्हणून. त्यानंतर त्याने बाबांशी बोलणं ठेवलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला टपालाने आली, वर नुसता पत्ता.

गोष्ट धारला आमच्याआधी पोचली होती. भावाचं प्रेत दारात ठेवून गुरुजी मुलीची ॲडमिशन करत बसले, असं लोक म्हणत. तोंडावर कुणी बोललं नाही, आमच्या लोकांत तोंडावर बोलायची पद्धत नाही. फक्त फोन थांबले. पहिल्या महिन्यात मला ते लक्षात आलं नाही. मग शेजारच्या गल्लीतले आजोबा वारले, आणि त्यांच्या मुलाने उज्जैनला कुणाला तरी विचारल्याचं आईच्या कानावर आलं. आई बाबांवर चिडली. इंटरव्ह्यू सोडलात आणि इथे नेमकं कसं सुचलं, असं तिने विचारलं. बाबा तिलाही काही बोलले नाहीत. तिला आजही खरं माहीत नाही.

मी विद्यापीठात शिकले. चांगलं शिकले. वर्गात बसून कुणी गणित शिकवतंय, हे सुख काय असतं ते मला पाच वर्षं मिळालं, आणि त्यातला एकही दिवस मी ते आनंदाने घेतलं नाही. रविवारी फोन वाजायचा नाही. नवं काही समजलं की आधी काकांना सांगावंसं वाटायचं. आता मी कन्नौदच्या सरकारी कॉलेजात अतिथी विद्वान आहे. नाव मोठं आहे, पण नोकरी पक्की नाही. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे पुढच्या वर्षी कळतं. इंदूर रस्त्यावरच्या त्या कॉलेजात गणित अजून सुरू झालेलं नाही, असं ऐकते.

मधल्या काळात देवासला जाऊन खरं सांगून यावं, असं मी तीनदा ठरवलं. दोनदा बसमध्ये बसलेसुद्धा, आणि अर्ध्या वाटेत उतरून परत आले. तिसऱ्यांदा बाबांना विचारूनच जायचं म्हणून गेल्या दिवाळीत धारला आले होते, तेव्हा त्यांच्यापाशी विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबा आता थकलेत. कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून मला ते सगळं मोठ्याने बोलावं लागलं, आणि आई स्वयंपाकघरात होती म्हणून पुन्हा आवाज खाली आणावा लागला.

जाऊ नकोस, ते म्हणाले. मला काय, माझं झालं आता. तुझ्या शिकण्याकडे कुणी बोट दाखवायला नको. मला वाटलं विषय संपला.

"एक सांग," त्यांनी विचारलं. "बसमध्ये तुला खरंच वाटलं होतं, की मी परत फिरेन?"

मी हो म्हणाले. त्यांच्याशी आणखी एक खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती.

"फिरलोच असतो," बाबा म्हणाले. "दादाने आयुष्यात माझ्याकडे एक गोष्ट मागितली, आणि मी तेवढीही केली नसती. दारात मला ते कळलं."

मी त्यांच्यासमोर बसून रडले. देवासला त्या तेरा दिवसांत रडले नव्हते. बाबांनी मला रडू दिलं, आणि आई बाहेर आली तेव्हा तिला म्हणाले, की हिला काकाची आठवण आली.